मैनाची तुटकी जोडाक्षरं

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०
नवीन वही. नवीन पेन. आजपासून रोज लिहिणार. पुढे कोणी माझ्या कामाचा इतिहास लिहायला घेतला तर त्याला साधनं मिळायला हवीत. अर्थात ही वही कोणाला दाखवायची नाही.

नोंद म्हणून : वय त्रेचाळीस. राहणार सावेडी. पंधरा वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये एक्सेल आणि टायपिंग शिकवतोय. म्हणजे वाया चाललोय.

काल शेजारच्या शमशाद मॅडम आल्या होत्या. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवतात. मुलांचे चेहरे कुठल्या कंपनीच्या साइटवर नकोत म्हणून शाळेने 'मैना' नावाचं व्हिडिओ प्लॅटफॉर्म बसवून घेतलंय. ओपन सोर्स. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, जगभरातले लोक हौसेने दुरुस्त करतात. मॅडमनी साठ धडे चढवलेत, खाली मराठी सबटायटल्स. पण जोडाक्षरं तुटतात. 'विद्यार्थी'चं 'विद् यार् थी' दिसतं. मॅडम म्हणाल्या, "कल्याणभाऊ, ही मुलं शब्द कानाने शिकत नाहीत. डोळ्यांना जे दिसेल तेच त्यांचं मराठी. मैनावाल्यांना इंग्रजीत नीट कळवायचंय, एवढंच. कसं कळवायचं त्याचं गाइडही दिलंय त्यांनी."

मला हसू आलं. कळवायचं कशाला? मी सरळ दुरुस्तच करणार. खरं तर सबटायटल्सचा सगळा विभागच नव्याने लिहावा लागेल असं दिसतंय. (अजून पाहिलेला नाही.)

मॅडमना आठ दिवस सांगितलेत. चारच लागतील.

८ जानेवारी
गाइड उघडलं. पहिलंच वाक्य : स्वागत आहे, छोट्या कामापासून सुरुवात करा. बंद केलं. हे नवशिक्यांसाठी आहे.

११ जानेवारी, शनिवार. दुपारी २
विंडोजवर असलं काम होत नाही. विंडोज काढून लिनक्स टाकायला घेतलं.

दुपारी ४.३०
लॅपटॉप सुरू होत नाही.

सायं. ६
चौथीच्या वर्गाचे सगळे निकाल त्यात होते, असं स्नेहल म्हणते. स्नेहल माझी बायको, प्राथमिक शिक्षिका. तिला म्हटलं, मोठ्या कामात थोडं मागे-पुढे होतंच. ती लॅपटॉप घेऊन दिल्ली गेटजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. एकटीच.

१४ जानेवारी, संक्रांत
लॅपटॉप आला. निकाल वाचले. लिनक्स गेलं. हरकत नाही, विंडोजवरही करता येतं.

तिळगूळ द्यायला येईल त्याला सांगितलं की सध्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पावर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर अकरा अभिनंदनं. प्रोफाइलमध्ये 'ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर' टाकलं. आज ना उद्या होणारच आहे.

शमशाद मॅडमनी तिळगूळ घेताना विचारलं, झालं का. म्हटलं, पाया चाललाय.

१९ जानेवारी
मैना आधी आपल्या मशीनवर चालवावं लागतं. चालत नाही. लाल अक्षरांत काहीतरी येतं. ती अक्षरं मात्र अजिबात तुटत नाहीत.

खुर्ची बदलली. टेबल खिडकीकडे घेतलं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पुन्हा भिंतीकडे. गच्चीवर तीन फेऱ्या. खाली येऊन पुन्हा चालवलं. तीच लाल अक्षरं. स्कूटर काढून चहा पिऊन आलो. चहावाल्याला विचारलं, तुमच्याकडे व्हिडिओ कशावर बघतात. त्याने चहाचे पैसे मागितले.

संकल्प : एका जागी दोन तास बसणे.

२० जानेवारी
अकरा मिनिटं बसलो.

२४ जानेवारी
दोष सापडला. माझ्यात नाही, वेळेत. क्लासमुळे लक्ष तुटतं. फैयाज सरांना, म्हणजे क्लासच्या मालकांना, सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली. वाटलं होतं विनवण्या करतील. ते म्हणाले, "घ्या की. निकिता मॅडम बघतील तुमची बॅच." निकिता आत्ताआत्ता लागलीय. इतक्या पटकन हो म्हणाले त्याअर्थी त्यांना माझ्या कामाचं महत्त्व कळलेलं दिसतं.

स्नेहलला जेवताना सांगितलं. तिने पोळी ताटात तशीच ठेवली. म्हणाली, सहा आठवडे? अहो, मला एकदा विचारायचं तरी. मी म्हटलं, कलाटणी देणारे निर्णय विचारून घेता येत नाहीत. भाजी बरी झाली होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

३१ जानेवारी, शुक्रवार
डोकं मोकळं करायला घोडेगावच्या गुरांच्या बाजाराला गेलो. आबा, म्हणजे माझे वडील पुंजाराम, म्हैस विकायला घेऊन उभे होते. शेजारी उभं राहून त्यांना ओपन सोर्स समजावलं. गर्दी, धूळ, म्हशींचं ओरडणं, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

म्हणाले, "म्हंजी गावच्या इहिरीचा गाळ काढायचा तसं. ज्याला जमंल त्यानं खोरं घिऊन उतरायचं."

म्हटलं, साधारण तसंच.

"मंग तू किती गाळ काढला?"

म्हटलं, सध्या विहिरीचा आराखडा पाहतोय.

"पानी तर लोकान्ला आज पायजेल हाय न्हवं?" असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

आबांना आर्किटेक्चर समजत नाही.

परत येताना बसमध्ये उगाच अस्वस्थ वाटत होतं. उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्ता तुंबला होता, त्यामुळे असेल.

६ फेब्रुवारी
मैनाच्या चर्चेच्या पानावर पहिलं पाऊल. चौदा परिच्छेदांचा प्रस्ताव लिहिला. सबटायटल्स विभाग नव्याने लिहावा, मुखपृष्ठाचा रंग बदलावा, नावाचाही फेरविचार व्हावा, आणि भारतासाठी स्वतंत्र प्रमुख नेमावा. (नाव सुचवलेलं नाही. समजणाऱ्याला समजेल.)

सायं. ५
हाना नावाच्या बाईंचं उत्तर आलं. त्या प्रकल्प सांभाळतात. दिवसा कुठल्याशा वाचनालयात नोकरी करतात आणि हे काम फावल्या वेळात. लिहिलंय : मनापासून आभार, तुम्हाला नेमकी कोणती अडचण येतेय? एका वेळी एकच सांगाल का?

घाबरल्या.

जोडाक्षरांचं लिहायचं राहून गेलं. पण ते प्रस्तावाच्या ओघात बसत नव्हतं.

११ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. माझा पहिला बदल पाठवला. तीनशे बारा फाइल्स! एक टूल मिळालं, ते कोडमधल्या मोकळ्या जागा सरळ करतं. सगळीकडे फिरवलं. मैनाची घडी मोडल्यासारखी झाली होती, आता कशी इस्त्री केल्यासारखी दिसते.

चार मिनिटांनी
नाकारला. कारण : यामुळे काहीही दुरुस्त होत नाही आणि बाकीच्यांचं चालू काम अडेल. कृपया गाइड वाचा.

तीनशे बारा फाइल्स चार मिनिटांत वाचल्या. असल्या लोकांबरोबर काम करायला मिळणं हेही भाग्यच.

१५ फेब्रुवारी, शनिवार
शमशाद मॅडम आल्या. बसल्या नाहीत. "भाऊ, कळवलं का?"

म्हटलं, वरच्या पातळीवर बोलणी चालू आहेत.

आठ मार्चला शाळेत पालक मेळावा आहे. मोठ्या बाई म्हणाल्यात, तोपर्यंत अक्षरं नीट झाली नाहीत तर व्हिडिओ बंद, पुन्हा तक्ते. चुकीचं मराठी शिकवण्यापेक्षा ते बरं. मॅडमनी पिशवीतून एक वही काढली. सहावीतल्या सिमरनची. सुंदर गोल अक्षर. आणि पानभर, रेघेवर नीट बसवलेलं : विद् यार् थी. पुस् तक. प्रश् न. मधल्या जागाही तिने मोजून सोडल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "मी चूक दिली. ती म्हणते, व्हिडिओत असंच आहे. तिचंही बरोबरच आहे ना?"

मी वही परत दिली.

उद्या पहाटे पाचला उठून लिहितोच.

१६ फेब्रुवारी. सकाळी ९.२०
उठलो. रविवार आहे.

१८ फेब्रुवारी. सायं. ७
बाहेरून आलो तर शमशाद मॅडम आणि स्नेहल जेवणाच्या टेबलावर मैनाचं गाइड उघडून बसल्या होत्या. ओळीन् ओळ वाचत होत्या. अडलेला शब्द स्नेहल मोबाईलवर बघायची. एक स्क्रीनशॉट लावला. खाली : हे असं दिसतं. त्याखाली : हे असं दिसायला हवं. मग कुठल्या फोनवर, कुठल्या ब्राउझरवर. शेवटी मॅडमनी स्वतः एक वाक्य घातलं, आमची मुलं ऐकू शकत नाहीत, ती हेच पाहून लिहायला शिकतात. पाठवलं. चाळीस मिनिटं, चहा धरून.

मी मागे उभा राहून वाचलं. फार प्राथमिक. आर्किटेक्चरचा उल्लेखच नाही. तसं सांगितलं. स्नेहल म्हणाली, "जेवायला वाढू का?"

२१ फेब्रुवारी
हाना बाईंनी त्यांना उत्तर दिलंय. दोघीतिघींनी मिळून दुरुस्ती केलीय म्हणे, फॉन्ट आणि ओळ मोडण्याची काहीतरी भानगड होती. पण त्यांच्यापैकी कोणालाच देवनागरी वाचता येत नाही. ज्याला येते त्याने तपासून सांगावं. चाचणीसाठी लिंक दिलीय. हो किंवा नाही, एवढंच हवंय.

मॅडमनी मला विचारलं, भाऊ, हे तरी कराल ना?

म्हणजे शेवटी माझ्याकडेच आले! दोघींना बजावलं, आता मध्ये कोणी बोलायचं नाही, मी संपूर्ण परीक्षण देतो. जोडाक्षरांची यादी करायला घेतली. नुसता 'हो' कोणीही लिहील.

२५ फेब्रुवारी
यादी : एकशे चाळीस. रकाने आखले. रंग ठरवले. एकाग्रतेसाठी मैनाचे सगळे ईमेल बंद केले.

१ मार्च
'क्र'पर्यंत आलोय. 'क्र' चांगला दिसतो. पण 'चांगला' म्हणजे काय, याची व्याख्या आधी करायला हवी. व्याख्येसाठी वेगळी फाइल.

खुर्ची पुन्हा खिडकीकडे.

स्नेहल दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून बसलीय. रील्स बघत असणार. शिक्षकांनीच असं केलं तर मुलांनी कोणाकडे बघायचं? बोललो नाही. तपस्या चालू असताना वाद नको.

४ मार्च. दुपारी १
मैनाची नवी आवृत्ती आली!

माझं परीक्षण पोहोचायच्या आत. घाई केली लोकांनी. शेवटी आभाराची यादी आहे. खालून वर वाचली. वरून खाली वाचली. मग शोधच्या चौकटीत माझं नाव टाकलं. शून्य. स्पेलिंग बदलून टाकलं. शून्य. आडनावाने. शून्य.

'दोष नेमका दाखवल्याबद्दल : शमशाद.'
'देवनागरी तपासल्याबद्दल : स्नेहल.'

दुपारी १.४०
हानांनी तीनदा विचारलं होतं. बंद केलेल्या ईमेलमध्ये सापडलं. तिसऱ्या वेळेस लिहिलंय की उत्तर आलं नाही तर ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत ढकलावी लागेल, म्हणजे मे महिन्यात. आठ मार्च गेलाच असता.

सायं. ६
स्नेहल शाळेतून आली. विचारलं, तू केव्हा केलंस?

"अहो, साठच्या साठ धडे बघितले. मधल्या सुट्टीत पाच-पाच, बाकीचे घरी मोबाईलवर. दोन ठिकाणी 'ष्ट्र' तुटत होता, तो कळवला, त्यांनी नीट केला. मग हो लिहिलं."

म्हटलं, मला सांगायचंस.

"तुम्हीच म्हणाला होतात, मध्ये कोणी बोलायचं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

५ मार्च
काही केलं नाही. फैयाज सरांना फोन केला, सोमवारपासून रुजू होऊ का म्हणून. निकिता मॅडमची बॅच भरलीय, जूनमध्ये बघू म्हणाले. प्रोफाइल उघडलं. 'कॉन्ट्रिब्युटर' पुसलं. तिथे काय लिहायचं ते सुचेना. रिकामं ठेवलं.

८ मार्च, शनिवार. सायं. ५
मेळाव्याला गेलो. नाही म्हणणार होतो. स्नेहलने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

नेवाशाचा धडा लावला. प्रवरेचं पात्र, देऊळ, आणि खाली अक्षरं. एकही तुटलेलं नाही. ज्ञानेश्वर. ग्रंथ. महाराष्ट्र. कोणी टाळी वाजवली नाही, कारण पोरं हात हलवून आपसांत बोलत होती आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. माझ्या पुढच्या रांगेत एक शेतकरी बाप होता. पडद्यावरचा शब्द तो ओठांत वाचायचा, पोराच्या तोंडाकडे बघायचा, पुन्हा पडद्याकडे. मी खाली बघत बसलो.

मध्येच सिमरन उठली. पडद्याजवळ गेली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'मंदीर' असं होतं. तिने हवेत ऱ्हस्व इकार काढून दाखवला. शमशाद मॅडम खो-खो हसल्या. म्हणाल्या, ही चूक मैनाची नाही, माझी. सिमरनने हातांनी काहीतरी विचारलं. मॅडमनी आम्हाला सांगितलं, "ती विचारतेय, हे कोण दुरुस्त करणार?"

मी उठलो. उठलोच. म्हटलं, "मी करतो."

तोवर स्नेहलने लॅपटॉप मांडीवर घेतला होता आणि सिमरन तिच्या खांद्याशी जाऊन वाकली होती. स्नेहलने वर पाहिलं. "अहो, होतंच आलंय. लोक निघालेत. तुम्ही तेवढ्या खुर्च्या आत लावून घेता का?"

छप्पन्न खुर्च्या होत्या. सगळ्या लावल्या.