वाकलेल्या हुकाची फिर्याद

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८. लातूर.

आज अपघात झाला. चूक माझी नाही.

दुपारी नेहमीप्रमाणे लुना घेऊन निघालो. लता आषाढात गेली, तेव्हापासून तिची खानावळ बंद आहे. पण लुना बंद ठेवली तर इंजिन जाम होतं. म्हणून रोज डबे पोचवायच्या वेळेला, डबे पोचवायच्या रस्त्यानं एक फेरी मारतो. निव्वळ मेंटेनन्स. मागचे डबे अडकवायचे दोन्ही हुक तसेच आहेत. काढायला पाना सापडत नाही.

क्लासेसच्या गेटसमोर थांबलो. मागून मकसूद रिक्षावाल्यानं धडक दिली. उजवा हुक वाकला. मी पडलो नाही.

मकसूद उतरून म्हणाला, काका, लागलं तर न्हाई ना? मग लगेच म्हणाला, रस्त्याच्या मधोमध उभे राहिलात, हात तरी दाखवायचा. मी सांगितलं, ही लुना इतकी वर्षं इथंच थांबते. तो म्हणाला, भाभी कडेला थांबायच्या.

हा माणूस मला आधीपासून आवडत नाही. लताच्या वेळी रिक्षा बंद ठेवून आला आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. माझ्या घरी येऊन. ही काय पद्धत झाली?

हातोडीनं आत्ता सरळ करून देतो म्हणाला. हात लावू दिला नाही. पुरावा आहे.

क्लासची पोरं जमली. एका मुलीनं विचारलं, काका, मेस परत चालू करून राहिलात का? भूकंपानंतर या गावात घरटी एक क्लास आणि क्लासमागे चार खानावळी झाल्यात. जावं तिकडं.

संध्याकाळी कोर्टासमोरून मोटार वाहन कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. नियम स्वच्छ आहे. कुणाला दुखापत झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ड्रायव्हरनं थांबायचं, जखमीला डॉक्टरकडे न्यायचं, आणि उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात कळवायचं. नुकसान केवढं हवं ते लिहिलेलं नाही. म्हणजे हुक चालतो.

मकसूदला सोडायचं नाही.

मंगळवार, १० नोव्हेंबर

ठाण्यात गेलो नाही. मुद्दाम. तो स्वतः कळवतो का ते पाहायचं आहे. कळवणार नाही. मग आपोआप कायद्यात सापडतो.

आज फेरी नाही. पुरावा हलवायचा नसतो. दुपार जात नव्हती. इंजिनची काळजी वाटत होती.

नांदेडहून मनस्विनीचा फोन. म्हणाली, बाबा, आईचं नाव रेशन कार्डावर तसंच, लुनाच्या कागदावर तसंच, कधी काढणार? मी सांगितलं, सध्या एका कायदेशीर कामात आहे. कोणतं काम, म्हणाली. लग्न झालेल्या मुलींना सगळं कळायला हवं असतं.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सकाळी ठाण्यात. मकसूदनं कळवलेलं नाही. सापडला.

हवालदार केरबा टेबलावर होता. पुस्तक त्याच्यासमोर उघडून ठेवलं. त्यानं बोट फिरवत वाचलं आणि विचारलं, काका, तुम्ही कळवलं का? म्हटलं, तेच करायला आलोय. तो म्हणाला, आज बुधवार हाय. इथं ड्रायव्हर लिवलंय, तुम्ही बी ड्रायव्हरच की. मी समजावलं की मी नुकसान झालेला ड्रायव्हर आहे. तर एवढा हसला की आतून साहेब ओरडले.

मग म्हणाला, एका हुकासाठी कशाला ताणून राहिलात, चहा घ्या अन् मिटवा. चहा नाकारला. अर्धा ठेवून दिला.

पोलिसांना स्वतःचा कायदा माहीत नाही. उद्या परत जाणार. आवाज चढवायचा नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

आवाज चढला. केरबाचा दोष.

संध्याकाळी मकसूद घरी आला. हातात हातोडी. मी दारातच उभा राहिलो. म्हणाला, काका, माझ्या रिजवानची बारावी भाभीच्या डब्यावर झाली, मी तिच्या गाडीला मुद्दाम लावीन का? मी म्हणालो, रिजवानच्या बारावीचा मोटार वाहन कायद्याशी संबंध नाही. तो म्हणाला, लई ताणू नका, केस केली तर लुना ठाण्यात ठिवून घेतील, तुमालाच तरास.

म्हणजे धमकी. हातोडीसकट. साक्षीदार नाही, हेच वाईट.

पुस्तकात आधीचं एक कलम वाहनाचा मालक मयत झाल्यास वारसानं किती मुदतीत कळवायचं याचं आहे. सोडून दिलं. आपल्या केसशी संबंध नाही.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

ठाण्याच्या बाकावर बसून राहिलो. तक्रार लिहून घेईपर्यंत उठणार नाही, म्हणून सांगितलं. केरबा म्हणाला, बसा, बाक सरकारी हाय. जेवायच्या वेळेला साहेब बाहेर आले, मी अजून तिथंच. चिडून म्हणाले, उद्या दोघंही गाड्या आणा, कागद आणा, होऊनच जाऊ द्या.

शेवटी कायदा जिंकतो.

लुना पुसली. डबे वाजू नयेत म्हणून लतानं दोन्ही हुकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, दातांनी ताणून गाठ मारायची. उजवीकडची पट्टी फाटली आहे. मकसूद हातोडीनं हुक सरळ करणार. पट्टीचं काय करणार? हे नुकसान पंचनाम्यात आलंच पाहिजे.

शनिवार, १४ नोव्हेंबर

इस्त्रीचा शर्ट घातला.

मकसूदचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. लायसन, बॅज, परमिट, विमा. हा माणूस असा व्यवस्थित असेल असं वाटलं नव्हतं. संशय वाढला.

मग साहेबांनी माझ्याकडे आरसी बुक मागितलं. वाचलं. लता मार्तंड औसेकर कोण? म्हटलं, माझी पत्नी. साहेब म्हणाले, गाडी त्यांची, नुकसान त्यांचं, तुम्ही कशाला भांडताय? त्यांना बोलवा, सही लागेल.

मी म्हणालो, ती बाहेरगावी आहे.

मकसूद माझ्याकडे पाहत होता. आता बोलणार, असं वाटलं. सगळ्यांसमोर बोलायची सवयच आहे त्याला. पण त्यानं मान खाली घातली आणि पिशवीची गाठ मारत बसला. किती वेळ लागतो एका गाठीला!

साहेबांनी विचारलं, कधी येणार? मी म्हणालो, नक्की नाही.

मग म्हणाले, येतील तोवर गाडी इथंच राहू द्या. तुमचाच आग्रह होता. मकसूदला लायसन परत देऊन सोडून दिलं. असा आपला न्याय.

बाहेर मकसूद म्हणाला, बसा काका, सोडतो. बसलो नाही. बस स्टँडपर्यंत तो मागून हळूहळू येत राहिला. रहदारीला अडथळा होत होता म्हणून बसलो.

क्लासेसच्या गेटपाशी त्यानं रिक्षा थांबवली. कडेला. पॅसेंजर कुणी आला नाही. मग निघालो.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

ठाण्यात जाऊन आलो. इंजिन जाम होऊ नये, एवढ्यासाठीच. केरबानं किक मारू दिली. दुसऱ्या किकला सुरू झाली.

मागच्या अंगणात जळालेली जीप आणि चाकं नसलेला टेम्पो यांच्या मधे उभी आहे. सीटवर चिमणीची घाण. पुसली. हुकाला चिठ्ठी बांधली आहे, मुद्देमाल म्हणून, नंबर घालून. नेमकी डाव्या, चांगल्या हुकाला.

मनस्विनी शनिवारी येते म्हणाली. मृत्यूचा दाखला तिच्याकडे आहे, घेऊन येते म्हणाली. मी म्हटलं, घाई नाही.

निघताना केरबानं आज चहा दिला. पूर्ण घेतला. म्हणाला, काका, काळजी करू नका. काकू आल्या की घेऊन या. एक सही, अन् लगेच गाडी देऊन टाकू.

मी म्हणालो, सांगतो तिला.