संत्रं बुडालं नाही, वहिनी

प्रिय वहिनी,

आज तुझ्या नावाच्या खोलीचं उद्घाटन झालं. तिथून आले, चपला काढल्या आणि थेट लिहायला बसले. दादाला समारंभ "फार छान" वाटला. तुझा फोटो मोठा लावला की त्याला सगळंच छान वाटतं, त्याच्याशी काय बोलणार? आणि हे कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला चहा जाणार नाही. म्हणून तुला लिहिते आहे. तू सगळ्यांचं ऐकून घ्यायचीस. तोच तुझा दोष होता. त्यावर येतेच.

तुझ्या वारज्याच्या शाळेनं खोली रंगवली आहे. दारावर तुझं नाव आणि खाली 'विज्ञान अनुभव कक्ष'. आत भिंतभर काचेचं कपाट. त्यात काय ठेवलं असेल, सांग बघू? तुझं भंगार! फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक, सायकलचे आरे, बाटल्यांची बुचं, ती टवके उडालेली परात. सगळं पुसून, ओळीत, कुलपात. आणि काचेवर पाटी: 'कृपया हात लावू नये'.

हात लावू नये! तुझ्या वस्तूंना!

त्या पाटीच्या बाजूलाच हार घातलेला तुझा फोटो. तू नेहमीसारखी हसतेस. काय हसतेस गं?

'हाताची घडी, तोंडावर बोट' हे या राज्यातल्या प्रत्येक शाळेनं पोरांच्या अंगात भिनवलंय. तुझ्या तिसरीच्या वर्गात शनिवारी तेच उलटं व्हायचं. मुलंच ओरडायची, "बाई, हाताची घडी!" की तू घडी घालून भिंतीला टेकायचीस. "बाई, तोंडावर बोट!" की तू एक हात सोडवून बोट ओठांवर ठेवायचीस. मग तो तास त्यांचा. बल्ब लागो न लागो, बी उगवो न उगवो, तू हलायची नाहीस.

एकदा मला घेऊन गेली होतीस, आठवतं? "या माझ्या नणंदबाई, कॉलेजात फिजिक्स शिकवतात." एका पोराचा बल्ब काही केल्या लागेना. वायरी उलट्यासुलट्या लावून झाल्या होत्या. मी नुसता हात पुढे केला, तर अख्खा वर्ग माझ्यावर वस्सकन ओरडला, "पाहुण्या बाई, हाताची घडी!" तू तोंडावर बोट ठेवून हसत होतीस. खांदे हलत होते तुझे. मला काही दिसलं नाही असं समजू नकोस.

आणि मंडईतली ती सकाळ! मी चांगली भाजी घ्यायला आले होते आणि तू वाटाणेवाल्या मावशींशी हुज्जत घालत होतीस.

"मावशी, किडका वाटाणा द्या."

"बाई, ह्यो बगा की, कवळा माल हाय. किडका कशाला?"

"अळी हवीय मला. जिवंत."

"अळीची भाजी करता व्हय?"

मावशींनी शेजारच्या गाळ्यावरची सगळी माणसं गोळा केली होती तुला बघायला. त्या अळ्या वर्गात गेल्या, तिथून एका मुलाच्या दप्तरातून घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. फुलपाखरू झालं की पतंग, ते बघायला मात्र ती आई थांबली नाही. चूक तिची नाही म्हणा. चांगल्या घरच्या मुलानं पुस्तकात फुलपाखरू बघावं, हातात धरू नये, असं या शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचं मत आहे.

तर आता आजचा प्रयोग ऐक.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर काचेचं भांडं, पाण्यानं भरलेलं. शेजारी दोन संत्री, एक सालीसकट आणि एक सोललेलं. प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या कंपनीचा टाय घातलेला एक तरुण बाजूला उभा. त्यानं आधी माइक हातात घेतला. "आमच्या किटमधला प्रत्येक एक्सपेरिमेंट हंड्रेड पर्सेंट सक्सेसफुल असतो. मुलांना फेल्युअर येतच नाही!" पालकांच्या माना डोलल्या. फेल्युअर येत नाही, आणखी काय हवं?

मग तिसरीतली सई पुढे आली. दोन वेण्या, पांढरा कोट, तोही किटमधलाच असणार. हात पाठीशी बांधून ती म्हणू लागली, "सालीसह संत्रे पाण्यात तरंगते, कारण त्याच्या सालीत हवा असते." कंपनीवाल्यानं संत्रं सोडलं. तरंगलं. टाळ्या. हो, संत्रं त्यानं सोडलं. सईच्या वाट्याला फक्त पाठांतर होतं.

"साल काढलेले संत्रे पाण्यात बुडते." त्यानं दुसरं संत्रं सोडलं.

ते तरंगलं, वहिनी.

खाली गेलं, वर आलं आणि आरामात तरंगत राहिलं. कंपनीवाल्यानं बोटानं दाबलं. पुन्हा वर! सई एक क्षण थांबली. तिनं भांड्याकडे पाहिलं, मग तिच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, पुढे म्हण. आणि ती पोर तरंगत्या संत्र्याकडे बघत म्हणाली, "अशा प्रकारे संत्रे बुडाले."

टाळ्या!

दीडशहाण्यांनी भरलेला हॉल गं तो. इंजिनीअर, सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर संत्रं तरंगतंय आणि प्रत्येक जण ते बुडाल्याबद्दल टाळ्या वाजवतोय. मोबाइलवर शूटिंगही चाललेलं. मी आयुष्य घालवलं कॉलेजच्या लॅबमध्ये, उत्तरावरून उलटी रीडिंग लिहिणारी मुलं बघत. इतकी वर्षं वाटायचं, हे कुठून शिकून येतात? कुठून ते आज समजलं. तिसरीत शिकवतात, पांढरा कोट घालून.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. तुझ्या कुटुंबाच्या वतीनं शाल आणि नारळ मी घ्यायचा होता. मुख्याध्यापिका शाल उलगडून उभ्या. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "संत्रं तरंगतंय."

त्यांना वाटलं, मी काहीतरी आध्यात्मिक बोलते आहे.

"मॅडम, काल रंगीत तालमीला बुडालं होतं," बाई कुजबुजल्या.

"काल बुडालं असेल. आज तरंगतंय. शाल नंतर. आधी सगळ्यांनी हाताची घडी घाला."

मुलांनी झटकन घड्या घातल्या, सवयच ती. "तुम्ही नाही रे, मोठ्यांनी. तुम्हीसुद्धा," कंपनीवाल्याला म्हटलं. "आणि तोंडावर बोट." काही जण हसले. मी हसले नाही. तेव्हा घातल्या.

सईला विचारलं, "आता काय करशील?"

"मला... पाठ नाही."

"पाठ नसलेलंच विचारतेय."

ती वाकून भांड्यात बघत राहिली. अख्खा हॉल घड्या घालून तिच्याकडे बघतोय. मला किती वेळा वाटलं, सांगून टाकावं! मग तिनं बाह्या वर केल्या, संत्रं पाण्यातून काढलं आणि मधोमध फोडलं. "आत पोकळ आहे! इथे बोट जातंय." एकेक फोड पाण्यात सोडली. काही बुडाल्या, काही नाही. तेवढ्यात हात वर झाले. "सई, वाळकी असेल ती!" "बियांची टाक ना!" "दोन एकदम टाक!" मागच्या रांगेतून तिचे आजोबा घडी मोडून उठले, धोतरटोपीतले, वारज्याचेच जुने रहिवासी. "मला बी दिसत हुतं तरंगतंय ते. पन म्हटलं, एवढी शिकलेली मानसं टाळ्या वाजवत्यात, आपल्यालाच काय कळंना!"

काही फोडी का तरंगल्या, हे मला नक्की सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही. मुलं भांड्याभोवती होती.

मुख्याध्यापिकांनी पुन्हा शाल पुढे केली, म्हणजे आता मी खाली उतरावं. मी हात मागेच ठेवले. "शाल नको. शनिवार द्या."

"म्हणजे?"

"माझ्या वहिनीचा शनिवारचा तास. ती गेल्यावर तुम्ही तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीला दिलात. तो परत हवा. आणि त्या कपाटाची किल्ली."

"बघू या ना, पुढच्या वर्षी. अहो, टाइमटेबल ठरलंय. शिवाय जास्तीची शिक्षिका कुठून आणू?"

"मी येते."

"आपण? या वयात? तिसरीला?"

"घडी घालून उभं राहायला काय वय लागतं?"

आजोबा मागून ओरडले, "द्या की ओ!" त्यांच्यामागे दोनचार आया, मग बरेच जण. टाळ्या वाजवणारे तेच लोक गं, वारा फिरला की फिरतात. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. पण मुख्याध्यापिकांना एवढ्या मोबाइलांसमोर नाही म्हणता येईना. वार्षिक परीक्षा होईपर्यंत दर शनिवारी एक तास, असं माइकवर कबूल करून घेतलं आणि किल्लीही मागून घेतली. पुढचं पुढे. नारळ दादानं घेतला.

आता तुझ्यावर येते. तू हयात असतानाच त्यांनी तुझा तास कुरतडायला घेतला होता, हे आज निघताना सईच्या बाईंकडून कळलं. आधी अर्धा केला, मग महिनाआड. तू काय म्हणालीस? "होऊ दे." वर्गात गप्प राहणं वेगळं आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत गप्प राहणं वेगळं, एवढं तुला कळू नये? तुला भांडता येत नव्हतं हे मान्य. मला येत होतं ना! घरात एक भांडखोर नणंद फुकट बसलेली आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस? मी काय फक्त मंडईत सोबतीला होते?

असो. तुझ्याशी भांडून उपयोग नाही, आता तर नाहीच.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. शनिवारी सगळ्यात आधी ती पाटी काढीन, मग परात. बुचं पोरांच्या हातात देईन. हरवली तर हरवली. अळ्यांसाठी शुक्रवारी मंडईत जाईन आणि मावशी हसल्या तर हसू देईन. हाताची घडी तर मी घालीनच, ते वचन सोपं आहे. तोंडावर बोट हे मला जन्मात जमलेलं नाही, तुला माहीत आहे. पोरं चुकत असतील, मला उत्तर येत असेल, आणि तरी गप्प राहायचं! पण राहीन, वहिनी. सईनं संत्रं फोडेपर्यंत आज राहिलेच की.

तुझी नणंद,
प्रभा