खालीआधीची तिरपी रेघ

मद्रास,
सोमवार, १४ ऑगस्ट १९६१

चि. अलकनंदा हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. यांची ड्यूटी पुन्हा एग्मोर स्टेशनवर आल्यामुळे दुपारी जेवायला घरी येतात. शनिवारी तुझं पुस्तक पोचलं. छपाई सुरेख आहे. कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी, तालातल्या समेची फुली, खालीच्या मात्रेचं शून्य, सगळं माझ्या वहीतल्याच क्रमाने. माझं नाव कुठे नाही. पण या खुणा काही मी शोधलेल्या नाहीत, त्या सगळेच वापरतात. रोजनिशी काढून पाहिली. सात मे: ‘अलकेला वही दिली.’ कशासाठी, ते लिहिलेलं नाही. तेव्हा तो विषय सोडते.

खालीच्या शून्याआधीची तिरपी रेघ मात्र माझी होती.

चंद्रिकेला दम्यामुळे तीनतालाचं आवर्तन एका श्वासात जात नसे. “आई, गाणं एग्मोरला पोचलं, माझा श्वास अजून मागे तांबरम स्टेशनातच,” म्हणायची. मला हसवायची, पण शिकवणीच्या इतर मुलींसमोर गायची नाही. म्हणून मी पाचही जणींच्या वह्यांत ती रेघ काढली आणि सांगितलं, इथे श्वास घ्यायचा असा नियमच आहे. शिकवताना बोललेलं ते एकच खोटं. स्वयंपाकघरात भाजी निवडताना फक्त तुला सांगितलं.

पान अकरा, तुझी तळटीप: ‘ही खूण मूळची दमा असलेल्या एका मुलीसाठी. निरोगी विद्यार्थ्यांनी टाळावी.’

ती काल वर्गात चंद्रिकेनेच मोठ्याने वाचली. मावशीचं पुस्तक, म्हणून कौतुकाने उघडलं होतं. शनिवारी मी त्यात फक्त माझं नाव शोधलं होतं. अकराव्या पानापर्यंत गेलेच नव्हते.

इथल्या रिवाजाने मला मामी म्हणणारी शिष्या तुळसी म्हणाली, “मामी, मग आम्हा सगळ्यांना दमा काय?” मुली हसल्या.

चंद्रिका माझ्याकडे पाहत होती. “आई, नियम नव्हता?”

मी तंबोऱ्याची तार लावू लागले. ती लागलेलीच होती.

मग सगळ्या मुली गायल्या. चौघी सवयीने रेघेवर थांबल्या. चंद्रिका एकटी पुढे गेली, आणि समेच्या दोन मात्रा अलीकडे तिचा आवाज संपला. आज सकाळी तिने वहीतल्या साऱ्या रेघा रबराने खोडल्या आणि वही माझ्या टेबलावर आणून ठेवली.

तिच्याशी खोटं मी बोलले, तू नव्हे. हे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तरी राग तुझाच येतो.

माझी वही परत पाठव. चंद्रिकेला पत्र लिहू नकोस. तिच्याशी बोलायचं ते मलाच बोलायला हवं.

जिने हे फक्त तुला सांगितलं होतं, ती
सुनीतीताई