विझलेल्या डोंगराची वाइन

सोमवार, ३ मार्च

आजही काही नाही. कॉफीच्या डब्यात अख्खं नाक खुपसलं — शून्य! ताप केव्हाच उतरला, वास काही परतला नाही. आणि मी रेस्टॉरंटची वाइनवाली. पोट नाकावर चालतं माझं.

डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. नाहीही येणार कदाचित." वा! मालकीणबाईंना अजून पत्ता नाही.

मंगळवार, ४ मार्च

घ्या! शनिवारी संध्याकाळी मालकीणबाईंनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावलंय. इटलीची जुनी रेड वाइन उघडायची — विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर पिकलेल्या द्राक्षांची. "वीस वर्षं झोपलीय ती बाटली. तू बोलायला लागलीस की लोक कसे गप्प होतात!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मान मात्र डोलावली.

बुधवार, ५ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो दातांच्या कवळ्या बनवतो. वाइनशी संबंध बाटली उघडून देण्यापुरता. "वेळ मारून ने गं, पाठ आहे ना सगळं?"

पाठ आहेच. वाळलेली चेरी, चामडं, तंबाखू, राख. अशा वाइनबद्दल एवढं बोललं की कुणी हटकत नाही. पण बुचानं बाटली नासवली असेल तर? तो कुबट वास मला कळणारच नाही. लोकांना डबक्याचं पाणी पाजीन आणि वर चेरी-चेरी करीन!

त्यानं हातातली कवळी खाली ठेवली. मग म्हणाला, "मग सांगून टाक."

सांगून टाक म्हणे!

शुक्रवार, ७ मार्च

सांगायला गेले. मालकीणबाई फोनवर भाजीवाल्याशी भांडत होत्या. परत आले.

शनिवार, ८ मार्च

आत्ताच घरी आले.

बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं हळूहळू काढलं, गाळ मागे राहील अशी वाइन सुरईत ओतली. इथवर ठीक. ग्लास तिरका धरून रंग दाखवला — मधे गडद, कडेला विटकरी. मग ग्लास नाकाशी नेला. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. चेरी ओठांवर आलेलीच होती.

"मला वास येत नाही," मी म्हणाले. "आजारपणात गेला. रंग मी सांगते, जिभेला काय लागतं तेही सांगते. वासाचं तुम्ही सांगा. आधी एवढंच — कुबट येतोय का?"

मालकीणबाई काउंटरपाशी दगडासारख्या.

एक बाई म्हणाल्या, "नाही हो, छान येतोय." शेजारी त्यांचे यजमान. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, बायकोनं ओढून आणलेले, आल्यापासून जांभया देणारे. ते मात्र ग्लासातून नाकच काढेनात.

"घर जळालं की दुसऱ्या दिवशी आम्ही परत जायचो," ते म्हणाले. "कुठे धग उरलीय का बघायला. सगळं काळं, ओलं. एकदा एका स्वयंपाकघरात कपाट उघडलं, तर आत जॅमची बरणी. अख्खी! झाकण उघडून बघितलं मी. तो वास आहे हा. राख आणि जॅम."

त्यांची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "इतक्या वर्षांत मला नाही कधी सांगितलंत."

"तू कधी नाक खुपसायला ग्लास दिलास?"

सगळे हसले. मग जो तो बोलायला लागला. कुणाला जुना पट्टा आठवला, कुणाला आजोबांची चिलीम. मी घोट घेतला. आंबटपणा अजून तरतरीत. तुरटपणानं हिरड्या घट्ट धरल्या, मग एकेक बोट सोडवावं तशा सोडल्या. वास नाहीच आला. पण ते काळं, ओलं स्वयंपाकघर मला लख्ख दिसलं. अशी वाइन मी आजवर प्यायलेली नाही.

मालकीणबाई शेवटपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. दिवे मालवले, कुलूप लावलं, गेल्या.

नोकरी गेली. जाऊ दे. खोटं तर बोलले नाही.

रविवार, ९ मार्च

मालकीणबाई सकाळीच दारात. न केस विंचरलेले, न चप्पल धड. बसल्याही नाहीत. "मलाही येत नाही गं वास. तू यायच्या आधीपासून! म्हणून तर तुला ठेवलं. कुणापुढे बोलायची छाती नाही झाली माझी कधी." आणि ढसाढसा रडल्या — त्या! मग दोघी हसत सुटलो. आता एक नाक शोधायला हवं, दोघींत मिळून!