आत दोघं

५ फेब्रुवारी
मयूर विहारला सामान लागलं. चंद्रप्रभाकाकूंनी गॅलरीकडची खोली भाड्याने दिलीय, ऊन थेट पलंगावर येतं. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण काकू दिल्ली सोडायला तयार नाहीत. मूळच्या सांगलीच्या, तरी दर वाक्याला एक ‘अच्छा’ असतोच. पहिल्याच सकाळी त्यांनी मटार घालून पोहे केले. ऑफिस फरीदाबादला, लाजपत नगरला मेट्रो बदलायची. राघव सर, म्हणजे माझे मॅनेजर, मोकळे वाटले. गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचं. पुण्याहून निघताना उगाच रडले.

७ फेब्रुवारी
पहिलं काम मिळालं. हे सॉफ्टवेअर कामासाठी मेमरी घेतं आणि काम झालं तरी परत सोडत नाही. फुगत जातं आणि शेवटी कोसळतं, मग तेवढा वेळ सगळे सर्व्हर वाऱ्यावर. माझ्याआधी सुधन्वा नावाचा मुलगा हाच लीक शोधत होता. राघव सर म्हणाले, जानेवारीत एक दिवस न सांगताच निघून गेला. त्याचं जाकीट अजून माझ्या खुर्चीला लटकलंय. दिल्लीच्या जानेवारीत कोणी जाकीट विसरतं?

११ फेब्रुवारी
डोकं फिरायची वेळ आलीय. कोडची ओळ न् ओळ वाचली, काही सापडत नाही. राघव सरांचं एकच पालुपद, “रीस्टार्ट मार दो, यार.” मारला. दहादा मारला. रीस्टार्टनंतर मेमरी रिकामी व्हायला हवी. ही होती तिथूनच पुढे वाढायला लागते. असं होऊच शकत नाही. हे मी सरांना सांगितलं तर म्हणाले, दुपारपर्यंत रिपोर्ट पाठव.

१३ फेब्रुवारी
सापडलं. आमच्या सर्व्हर रूमच्या दाराला कार्ड लावावं लागतं, आत जाताना आणि बाहेर येतानाही. आत गेलेल्या प्रत्येकाची हेच सॉफ्टवेअर एक नोंद उघडतं, तो खोलीत कुठे आहे, त्याची हालचाल टिपत राहतं आणि तो बाहेर आला की नोंद पुसतं. एक नोंद पुसलीच जात नाही. सुधन्वाची. जानेवारीत आत गेला. बाहेर आल्याची खूण नाही. आणि नोंद वाढतेच आहे, म्हणजे हालचाल चालू आहे. राघव सर म्हणाले, कार्डाचं मशीन बिघडलंय, और क्या. मलाही तेच वाटतं. नोंद पुसून टाकली. चहा पिऊन आले तर परत हजर.

१४ फेब्रुवारी
वैतागून स्वतःच आत जाऊन आले. रॅकच्या दोन रांगा, गार हवा, पंख्यांची घरघर. कोणी नाही. कार्ड लावून बाहेर आले आणि जागेवर येऊन स्क्रीन पाहिला. आत दोघं. सुधन्वा आणि मी. परत कार्ड लावलं, पुन्हा लावलं. फरक नाही.

१७ फेब्रुवारी
मेट्रोच्या फाटकाने कार्ड नाकारलं. काउंटरवरचा म्हणाला, पिछली बार आप बाहर निकली ही नहीं. भांडले त्याच्याशी. बाहेरच तर उभी होते.

१९ फेब्रुवारी
गॅलरीत उन्हात बसून आईला फोन केला. म्हणाली, कुठल्या कारखान्यात आहेस, पंखे केवढ्याने ओरडतायत. इथे तर नुसती शांतता होती. काकूंनी माझा हात धरला आणि पटकन सोडला. बर्फ झालाय म्हणाल्या.

२० फेब्रुवारी
ऑफिसातून सुधन्वाच्या घरचा नंबर मिळवला. त्याच्या आई अगदी निवांत होत्या. म्हणाल्या, रोज फोन येतो की त्याचा. जास्त बोलत नाही, मागे पंख्यांचा आवाज फार असतो. कामात असेल बिचारा.
हे राघव सरांना सांगितलं. म्हणाले, देखा? मजे में है वो. मी ओरडले त्यांच्यावर. सगळं ऑफिस बघत राहिलं.

२१ फेब्रुवारी
दोघांच्या हालचाली पाहिल्या. माझी नोंद त्याच्या नोंदीकडे सरकतेय. रोज थोडी.
पुण्याला निघून जावं. पण तो आत आहे आणि हे फक्त मला ठाऊक आहे.

२२ फेब्रुवारी
राघव सरांना गळ घातली. मी आत जाते, तुम्ही दार धरून ठेवा, बंद होऊ देऊ नका. चिडले, पण हो म्हणाले—

२२, आतून
दार बंद आहे. सर काचेपलीकडे उभे आहेत. माझ्याकडे बघतात आणि त्यांना मी दिसत नाही. हात आपटून आपटून सुजले.
सुधन्वा आहे. दुसऱ्या रांगेच्या टोकाला, गुडघे पोटाशी घेऊन. जिवंत आहे. बोटं वळत नाहीत त्याची. माझीही आता—
मी त्याला म्हटलं, तुझी आई बरी आहे, तुझे फोन पोचतात.
तो म्हणाला, “मी फोन केलाच नाही. इथे रेंज नसते.”
मग रोज तिच्याशी कोण—
त्याने माझ्या तोंडावर हात ठेवलाय. रॅकमागे कोणीतरी आहे. नंबर लावतंय. रिंग वाजतेय. पलीकडून माझ्या आईचा आवाज, विनया, बोल गं, आणि ते माझ्या आवाजात म्हणतंय—