पहिली लांब रोटी

माय, काल जेवाले सगळ्यात पहिले कोण आली असन? तीच, जिले माह्या नातीनं कंपनीत चारचौघीत झापलं होतं! हातात संत्रा बर्फीचा डबा अन् चेहरा असा, का जशी पोलिसात हजेरी लावाले आली. मागून बाकीच्या तिघी. मले त एवढा आनंद झाला का पीठ भरल्या हातानंच तिले आत ओढलं.

तुले सांगाचं राहिलंच. नात हिंगण्याच्या कंपनीत शिफ्टची मोठी बाई झाली. पण पोरीच्या जिवाले चैन नाही. हाताखालच्या बाया काही बिघडलं त सांगतच नाहीत, अन् वरून बोलणी हिले. राजीनामा मोबाइलात लिहून ठेवला हाये, नुसतं बोट लावाचं बाकी. कंपनीतल्या तिच्या शिकवणीत सांगतात म्हणे, जिथं चुकाचं भेव असते तिथं माणूस शिकत नाही, लपवते. मी म्हटलं, "मंग त्याहीले जेवाले बोलाव."

लांब रोटीसाठी आंगणात चूल पेटवली, वर माठ उलटा घातला. पहिली रोटी मीच हातावर पसरवली, अन् माठावर टाकता टाकता मधातून फाटली. "दे मले," म्हणून नात बसली. तिची अर्धी माठावर, अर्धी कोपराले लोंबून राहिली.

"मॅडम, रोटी होये का ओढणी?" ती झापलेलीच बोलली! मंग जो हशा झाला. तिनंच नातीचं मनगट धरलं, "हात ढिला सोडा." पाटोडीचा रस्सा वाढता वाढता हळूच म्हणते, "परवा मशीनचं झाकण मीच उलटं बसवलं होतं. भेवानं सांगितलं नाही."

"सांगितलं असतं त खाल्लं असतं का मी तुले?"

"हो!" चौघी एकदम.

नातीचे कान लाल. "बरं, आता नाही खात," म्हणाली.

त्या गेल्यावर नात मले बिलगली. "आजी, पहिली तू मुद्दाम फाडली ना? मोठ्या माणसानं आधी चुकून दाखवलं का बाकीच्याले धीर येते." मी नुसती हसली.

तुहीही पहिली रोटी नेहमी फाटे, माय. "फाटली त फाटली वं, पोटात कोण शिवून पाठवते?" म्हणून तू तोच तुकडा खाऊन घेत होती, अन् मी बिनधास्त दुसरी टाकत होती. तू मुद्दाम फाडत होती का? सकाळपासून हेच डोक्यात घुमून राहिलं. काहून का मी त मुद्दाम नाही फाडली. माहा हात थरथरते आताशा. दवाखान्यात नेतील, चुलीपाशी बसू देणार नाहीत, म्हणून लपवलं. पाहाय, मीही त्याच बायाइतली.

राजीनामा अजून मोबाइलातच हाये, ना धाडला ना पुसला. हे पत्रही, तू गेल्यावर लिहिलेल्या बाकीच्यासारखं, पिठाच्या डब्याखालीच राहीन. हाताचं मात्र सांगीन म्हणते, सगळ्याइसमोर, चुलीपाशीच. रविवारी येतो म्हणून गेल्या त्या.