एकोणीस पावलं

मंगळवार, १२ मार्च
दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे ठीक असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. नाहीतर तू ठीक आहेस हे मला खिडकीतून दिसतंच आहे. सकाळपासून तिसरं गेट फुटपाथवर आडवं घातलंयस आणि चहा दोनदा घेतलास. दुसऱ्यांदा वहिनीला मारलेली हाक ग्राइंडरच्या आवाजावरून इथवर आली. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहिणारी मी पहिलीच असेन. पण महिना झाला, तू बोलत नाहीस. मी जिना उतरून आले की वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घेतोस. काचेशी कोण भांडणार?

माझं बरं चाललंय. रफूचं काम कमी केलंय. बटणं, उसवलेल्या शिवणी, पडद्यांच्या दुमडी एवढंच घेते. परवा एक लोकरी कोट आला होता, कोपरावर रुपयाएवढं भोक. मी परत पाठवला. तू म्हणशील, लोकरी कोट, आणि तू परत पाठवलास? त्याचं पुढे सांगते.

आधी तक्रारीचं. तुझ्या दुकानाविरुद्धच्या त्या अर्जावर मी सही केली असं तुझ्या डोक्यात बसलंय. मी केलेली नाही. शाळेच्या बाई अर्ज घेऊन फिरत होत्या, तेव्हा मी आतून कडी लावून बसले होते. चाळीस सह्यांत माझी नाही, आणि त्याचीच आता मला लाज वाटते.

शनिवारी अर्जवाल्यांची वकीलबाई माझ्याकडे आली. तरुण आहे, नीट बोलते. माझ्या खुर्चीवरचे कपडे स्वतः उचलून बसली. तिने समजावलं ते मला कळलं तसं सांगते. रस्ता सगळ्यांचा, म्हणून तो अडवणं, त्यावर ठिणग्या उडवणं हा सार्वजनिक उपद्रव. पण त्रास सगळ्यांना सारखाच असेल, तर कोर्ट म्हणतं की हे बघणं सरकारी कचेरीचं काम, तुम्ही कोण? कोर्टात उभं राहायला असा एक तरी माणूस लागतो, ज्याचं नुकसान इतरांपेक्षा वेगळं आणि जास्त झालंय. चाळीस जणांत तसा एकही नाही. आणि कचेरीने तर दोन वर्षांपूर्वीच फाइल बंद केलेली.

का बंद केली, तो कागद तिने पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला. अक्षर माझंच. ‘मी दुकानाच्या अगदी समोर राहते. मला कसलाही त्रास नाही.’ मजकूर तू सांगितला होतास, मी लिहिला होता. खाली नात्याच्या रकान्यात ‘शेजारीण’. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, कुणाला कळतंय, म्हणून आपण दोघं पोट धरून हसलो होतो. सगळ्यात जवळची शेजारीण कुरकुर करत नाही म्हटल्यावर साहेबाने शिक्का मारला आणि तो निघून गेला.

कागद घडी करून ठेवताना तिने सहज विचारलं, “तुमच्या उजव्या डोळ्याला काय झालंय?”

“मोतीबिंदू,” मी म्हणाले. मी सुईत दोरा ओवायला घेतला होता, तो तिने माझ्या हातातून घेतला, ओवून दिला आणि गेली.

दादा, तो मोतीबिंदू नाही. तुलाही मी खोटंच सांगितलं होतं. गेल्या एप्रिलमध्ये मी समोरून येत होते. तू माझ्याकडे पाठ करून जिन्याचं रेलिंग घासत होतास. डोळ्यात खुपलं. मी पदराने चोळलं, पाणी मारलं, दोन दिवस अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बुबुळातून लोखंडाचा कण काढला. तोवर तिथे जखम होऊन पू झाला होता. आता तिथे पांढरा डाग आहे. त्या डोळ्याने माणूस दिसतो, धागा दिसत नाही. डॉक्टरांचा कागद मशीनच्या खणात आहे.

तुला का नाही सांगितलं? एक तर मी स्वतःच लिहून दिलं होतं ना, कसलाही त्रास नाही. आणि दुसरं, तो दिवा. मोतीबिंदू म्हटल्यावर तू मला अंधारात शिवते म्हणून फैलावर घेतलंस, आणि आठवड्याभरात हा लोखंडी दिवा करून आणलास, तीन सांध्यांचा, हवा तिथे वाकणारा. एकही कड बोटाला लागत नाही, इतका घासलेला. त्याच्याच उजेडात हे लिहितेय. दिवा करून देणाऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी अजूनही गप्प बसले असते. पण शुक्रवारचं तुला माहीत नाही. काचेआड तुला दिसलं नाही, आणि वहिनीला मी सांगितलं नाही.

शाळेत जाताना मुलं तुझ्या दुकानासमोरून कशी जातात, कधी पाहिलंयस? डोळ्यांवर दोन्ही हात ठेवून. त्यांनी त्याचा खेळ केलाय. एकोणीस पावलं मोजायची, मग हात काढायचे. खेळ तुझ्या लेकीने, टिकलीने काढलाय, आणि ती सगळ्यांना ऐटीत सांगते, माझे बाबा काम करतात तेव्हा बघायचं नसतं. शुक्रवारी फुटपाथवर तुझं गेट होतं. म्हणून ती रस्त्यावर उतरली, हात डोळ्यांवर, मोठ्याने मोजत. अकरा म्हणाली आणि टेम्पोने ब्रेक मारला. टेम्पो आणि तिचं दप्तर यांच्यात वीतभर जागा होती. टिकली थांबली नाही. तिने बारा म्हटलं.

मी हे वरून बघत होते. खिडकीच्या गजांना धरून उभी होते. ते गजही तूच बसवलेले.

परवा गुरुवारी अकरा वाजता मी कोर्टात जाणार आहे. डॉक्टरांचा कागद घेऊन. दोन वर्षांपूर्वी खोटं लिहिलं तेही सांगणार आहे, मग माझं काय व्हायचं ते होवो. दुकान बंद करा असं निघालं तर तुमच्या घरात काय होईल, याचा विचार मीही केलाय. पण मागणी तेवढी नाहीये. मागच्या शेडमधलं भंगार काढ, काम आत ने, पुढे पत्रा लाव. तू म्हणतोस रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे? नाही. आपल्याही नाही. उद्या संध्याकाळपर्यंत फुटपाथ मोकळा दिसला, तर मी स्वतः वकीलबाईकडे जाऊन तुझ्यासाठी मुदत मागेन. ही धमकी वाटत असेल तर वाटू दे.

नाही दिसला, तर गुरुवारी तू तिथे समोर असशील. काच लावून येऊ नकोस. मला तुझा चेहरा बघून बोलायचंय.

कोर्टात द्यायच्या कागदावर सुरुवातीलाच नातं विचारतात. या वेळी मी खरं लिहिलंय.

तुझी बहीण,
बारकी